रकाना पाचवा

ऐरोलीला सातव्या मजल्यावर रात्री दहाला माझी पाळी लागते.
डाव्या पडद्यावर अमेरिकेतला, एकोणीसशे त्रेपन्नचा एक कागद,
कडेला कुणाच्या तरी कपाचा गोल डाग.
उजवीकडे रकाने.
वेळ. कार्यक्रम. कलाकार. प्रायोजक. स्रोत.
मी भरते.

पहाटे पावणेसहा ते सहा : दोन भाऊ, एक मेंडोलिन.
प्रायोजक पिठाची गिरणी.
सहा ते सव्वासहा : एक बाई, गिटार.
प्रायोजक टपालानं कोंबडीची पिल्लं पाठवणारी कंपनी.
बाईचं नाव टाइपरायटरनं अर्धं खाल्लंय,
उरलंय नुसतं ‘लीन’.
मी तीन टिंबं देते आणि लीन लिहिते.
नियम आहे, दिसेल तेवढंच.

गावठी गाणं तिकडेही पहाटेच उरकायचे,
गाई पिळायच्या वेळेला,
शहराला जाग येण्याआधी.
संध्याकाळची वेळ महाग.
तेव्हा कोट घातलेले व्हायोलिनवाले.

स्रोतात चारच अक्षरं चालतात.
एल : माणूस समोर होता, खोकला असता तर ऐकू गेलं असतं.
डी : ताटाएवढी तबकडी, रेल्वेनं आलेली,
गाणारा दुसऱ्याच गावी झोपलेला.
एन : तारेवरून, मोठ्या शहराकडून.
एफ फक्त टीव्हीच्या कागदांवर असतो.
चालू पडद्यासमोर कॅमेरा धरून काढलेली फिल्म
डब्यात घालून पुढच्या गावी पाठवायचे,
मग तिथे तो शनिवार
दोन आठवड्यांनी उजाडायचा.

आमची पोशीआत्या धवलारीण.
तिचं हळदीचं गाणं दिवेलागणीला सुरू होतं
आणि कोंबड्याच्या आधी संपत नाही.
एकाहत्तर साली दिवागावात रेडिओची जीप आली.
तिला नेलं, थंडगार खोलीत बसवलं,
घड्याळवाल्या साहेबानं सांगितलं, बाई, साडेचार मिनिटं.
‘साडेचार मिनटांत हलद तरी भिजल काय?’
पण बसली.
आधी देव बोलवावे लागतात.
गावदेव आला, खारदेव आला,
एकवीरा घाट उतरत होती
तेवढ्यात लाल दिवा विझला.

नवरा-नवरीपर्यंत ती पोचलीच नाही.
ऐकणाऱ्यांना ते संपूर्ण गाणं वाटलं.
आत्याला मात्र बरेच दिवस घोर,
वाटेतल्या देवांना परत कोण पाठवणार?
अकरा रुपयांचा चेक मिळाला होता.
बँकेत खातं नव्हतं. चेक अजून ट्रंकेत आहे,
चेकवर तिचं नाव चुकलंय.

पहाटे चार. पुन्हा तीच ‘लीन’, पुढच्या मंगळवारी.
स्रोत एल.
समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय :
चाळीस सेकंद जास्त. कापलं.

मी थांबले.
कापलेल्याला रकाना नाही.
तरी शेऱ्यात टाकलं, चाळीस सेकंद,
काय होतं माहीत नाही, पण होतं.
पाच मिनिटांत तपासणाऱ्या विपुलनं लाल करून परत पाठवलं :
शेरा फक्त खराब पानांसाठी.
मी पान खराब म्हणून नोंदवलं.
मग चाललं.

खिडकीखाली खाडी, ओहोटीची,
मिठागराच्या बाजूचे मनोरे तारा धरून उभे.

साडेसातला कंपनीची गाडी नाक्यावर सोडते.
आत्या ओट्यावर, ऐंशी ओलांडलेली, सुकट निवडत.
मी रात्री काय करते ते तिला एकदा सांगितलंय.
तिला वाटतं मी ऐकते.
‘कोन गायलं गो आज?’
मी सांगते, दोन भाऊ गायले आत्या,
पहाटे, एका पिठाच्या गिरणीसाठी.

ती हातातली सुकट सुपात ठेवते.
‘पीठ कंचा? तांदलाचा?’
गव्हाचं असेल, मी म्हणते, नाहीतर मक्याचं.

आत्या बराच वेळ काही बोलत नाही.
‘मंग,’ म्हणते,
‘पंधरा मिनटं लई झाली.’